आजारपणाची भिशी

माणसाने आजारी पडावे की पडू नये, हा प्रश्न फार पूर्वी माणूस आणि त्याचे शरीर यांच्यातला खाजगी मामला होता. तिसऱ्या कोणाला त्यात नाक खुपसायचं कारण नव्हतं. त्यामुळे लोक वाटेल तेव्हा, वाटेल तिथे, कसलंही नियोजन न करता आजारी पडत. त्यापायी समाजाचं किती नुकसान झालं याची आकडेवारी उपलब्ध नाही. (उपलब्ध नसलेली आकडेवारी नेहमीच चिंताजनक असते.) सुदैवाने पुढे गावोगावी कारखाने आले, कारखान्यांत सामूहिक आरोग्य विमा आला, आणि एकाचं पोट दुखलं की ते किती जणांना महागात पडतं हे सगळ्यांना कळू लागलं. आपल्या पोटाशी एवढ्या लोकांचा संबंध आहे म्हटल्यावर माणूस जबाबदारीने जेवतो.

खोपोलीजवळ साजगावला औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना होता. त्यातल्या मोल्डिंग खात्यात सदू घारे मशीन चालवायचा. राहायला भिवपुरीकडच्या गावात, घरची जेमतेम पुरेल एवढी भातशेती, बायको चंद्राबाई, आणि अंगात एक दुर्मीळ गुण: बोर्डावर नोटीस लागली की सदू ती वाचायचा. पटली नाही तर परत वाचायचा, पटेपर्यंत. अशा माणसांच्या जिवावरच आस्थापना उभ्या असतात.

मार्चअखेरीस लागलेली नोटीस त्याला तीनदा वाचावी लागली. "सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, गतवर्षी काही कर्मचाऱ्यांनी आरोग्य विम्याचा वापर केल्याचे विमा कंपनीच्या निदर्शनास आले आहे. सबब चालू वर्षी हप्त्यात वाढ झाली असून वाढीव भार कर्मचाऱ्यांनी आनंदाने उचलावा, असे ठरले आहे." 'आनंदाने' हा शब्द ठळक होता. पूर्वी हप्ता सगळा कारखाना भरायचा. मग निम्मा निम्मा झाला. मग कारखान्याचा वाटा चतकोरावर आला, आणि आता तो केवळ आपुलकीचा उरला. पण नोटिशीचा खरा अर्थ दुसऱ्या परिच्छेदात होता. दर तिमाहीला प्रत्येक खात्यातून एकच क्लेम चालेल. दुसरा आला, तर अख्ख्या खात्याची पगारातली कपात दीडपट होईल.

"म्हंजे मी आजारी पडलो तं तुजा पगार कापनार," सदू शेजारच्या मशीनवरच्या स्वप्नीलला म्हणाला.

"मंग नको ना पडू," स्वप्नील म्हणाला.

विमाशास्त्राचा इतका नेमका सारांश मोठमोठ्या तज्ज्ञांनाही साधलेला नाही.

दुपारी कँटीनमध्ये खात्याची बैठक भरली. संप करावा, मोर्चा काढावा, निदान एक दिवस चहा पिऊ नये, अशा नेहमीच्या सूचना आल्या आणि नेहमीप्रमाणे चहाबरोबर संपल्या. मग विमलबाई उठली. विमलबाई झाकणांच्या कडा साफ करायची. पण तिची खरी ओळख म्हणजे ती खात्याची पैशाची भिशी चालवायची. महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, डब्यातून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याने सगळी रक्कम न्यायची. इतक्या वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता. या खात्यातली माणसं बँकेवर, सरकारवर आणि सख्ख्या भावावर जेवढा विश्वास ठेवायची त्याची बेरीज केली तरी विमलबाईच्या डब्याएवढी भरली नसती.

"पैशाची भिशी चालते तं दुखन्याची का नाय चालनार?" विमलबाईने विचारलं. "तीन मयन्याला एक चिठ्ठी काडू. ज्याचं नाव निघंल तो आजारी पडंल. बाकीच्यांनी दम धरायचा. हाय काय अन् नाय काय!"

सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. सदूच्या तर अंगावर शहारा आला. एवढी मोठमोठी शिकलेली माणसं हप्त्याचं काय करावं म्हणून डोकं धरून बसली असतील, आणि उत्तर निघालं ते स्टीलच्या डब्यातून. नियम तिथल्या तिथे ठरले:

एक. चिठ्ठी निघालेल्या सभासदाला स्वतः किंवा घरातल्या एका माणसाने आजारी पडण्याचा हक्क राहील.

दोन. हक्क तिमाहीत वापरला नाही तर बुडेल.

तीन. साथीचा रोग असल्यास तो एकट्यानेच घ्यावा.

चार. बाळंतपणासाठी नऊ महिने आधी कळवणे. (नुकत्याच लग्न झालेल्या स्वप्नीलने विचारलं, नऊ महिने आधी म्हणजे नेमकं कधी? विमलबाई म्हणाली, "कळवून मंग घरी जायाचं.")

पाच. चिठ्ठी नसताना काही झाल्यास त्याला आजार म्हणू नये.

भिशीचा रिवाज असा की पहिला नंबर चालवणाऱ्याचा. त्याप्रमाणे पहिल्या तिमाहीत विमलबाईने आपल्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला. डावा राहिला. तो भिशीच्या पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे साधारण पाच-साडेपाच वर्षं, थांबणार होता. मात्र एका डोळ्याने तिला इतकं लख्ख दिसू लागलं की खात्यात कोण खोकतंय, कोण लंगडतंय, कोणाचा चेहरा ओढलाय, हे तिच्या नजरेतून सुटेना.

योजनेचे परिणाम विस्मयकारक होते. मोल्डिंग खात्यातलं आजारपण पहिल्या तीन महिन्यांत एक्याण्णव टक्क्यांनी घटलं. (उरलेले नऊ टक्के म्हणजे विमलबाईचा डोळा.) कोणी शिंकलं की तो स्वतःच मोठ्याने "धूळ, धूळ!" असं जाहीर करायचा. कंबरदुखीला 'बसून बसून' आणि चक्कर येण्याला 'उठून उठून' असं म्हटलं जाऊ लागलं. खोपोलीच्या वळणावर स्वप्नीलची बाईक घसरून मनगट मोडलं. पण त्याचा नंबर नव्हता, म्हणून ते मुरगळल्याचं खात्याने बहुमताने ठरवलं. मनगटाने हा निर्णय पूर्णपणे मानला नाही, तरी एका हाडवैद्याने ते बऱ्यापैकी सरळ केलं. पुढे स्वप्नील घड्याळ बघायला कोपर वर न्यायचा, आणि ते त्याला शोभून दिसायचं.

कारखान्याच्या मनुष्यबळ अधिकारी तेजश्री मॅडम हे आकडे बघून भारावल्या. त्यांना भिशीचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, आपण कँटीनमधल्या वड्यांऐवजी मोड आलेले मूग ठेवले त्याचा हा प्रताप आहे. त्यांनी खात्यातल्या सर्वांना 'मी निरोगी आहे' असे बिल्ले वाटले. ते टोचून लावायचे होते, आणि लावताना दोघांच्या बोटाला रक्त आलं. दोघांनीही ते कोणाला दाखवलं नाही.

असा सगळा आनंदीआनंद चालू असताना जूनच्या शेवटी सदूच्या पोटात दुखायला लागलं.

कर्जत स्टेशनवर त्याने दोन वडे खाल्ले आणि उजव्या बरगडीखाली कोणीतरी पक्कड लावून पिळतंय असं वाटून तो बाकावर बसला. आधी त्याने ते 'धूळ' म्हणून बघितलं, जमलं नाही. कर्जतच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पडदा त्याच्याकडे वळवून ते म्हणाले, "पित्ताशयात खडे आहेत. फार दिवस काढू नका. दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी."

"काडू साहेब," सदू अजिजीने म्हणाला, "पन आमची चिठ्ठी एक तारखेला हाय. निघाली तं लगेच येतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं.

घरी चंद्राबाईने ऐकलं आणि हातातली परात आपटली. "आवो, चिठ्ठी काय घेऊन बसलाव? खडा फुटला का अडकला तं कोन भरनार?"

"अगं, मी एकटा बरा होईन, अन् वीस घरांचा पगार कापला जाईल. तोंड कसं दावू?"

यात त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. सदूला दुखण्याची भीती नव्हती असं नाही, चांगलीच होती. कळ आली की तो मशीनचा दांडा धरून उभा राहायचा आणि घाम पुसायचा. पण आपल्यामुळे दुसऱ्याच्या ताटातली भाकरी कमी होणं त्याला त्याहून जड वाटायचं. विमा कंपन्यांचा सगळा धंदा अशाच भल्या माणसांवर चालतो, आणि म्हणून त्यांचे आभार मानायचे तेवढे थोडेच.

एक जुलैला डबा उघडला. सदूने डोळे मिटून गावदेव भैरीला नारळ बोलला. विमलबाईने चिठ्ठी उलगडून उजव्या डोळ्यासमोर धरली आणि वाचलं, "टिल्लूसाहेब."

गोपाळकृष्ण टिल्लू हे खात्याचे स्टोअरकीपर. कर्जतच्या दहिवलीतलं जुनं घराणं, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती. सकाळी सूर्यनमस्कार, दुपारी ताक, रात्री मुगाची खिचडी. दात सगळे स्वतःचे. एवढ्या निरोगी माणसाला नंबर लागावा हे बघून खात्यातले लोक हळहळले, मग सगळे सदूकडे बघू लागले, आणि सदू टिल्लूंकडे.

"टिल्लूकाका, तुमाला काय नाय होत," सदू म्हणाला. "तुमचा नंबर मला द्या. माजं खरंच दुखतंय वो."

टिल्लूंनी चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात घातली. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"सदू, तुझ्याबद्दल मला वाटतं रे, खरंच वाटतं. पण जन्मात कधी माझी चिठ्ठी पहिली निघालेली नाही. पैशाच्या भिशीत दर फेरीला शेवटचा नंबर माझा. विमा आल्यापासून माझं नाव आहे त्यात, पुढे पगारातून हप्ताही कापला, आणि बदल्यात एक क्रोसिनची गोळी मिळालेली नाही. मी पण माणूस आहे. मलाही एकदा आजारी पडू दे."

हक्क तो हक्क. विमलबाईने नाइलाजाने मान हलवली आणि डबा बंद केला.

त्यानंतर टिल्लू आजाराच्या शोधाला लागले. प्रथम त्यांनी कर्जतमध्ये रक्त तपासलं. अहवाल इतका सुंदर आला की लॅबवाल्याने त्याची प्रत नमुना म्हणून मागून घेतली. मग ते बदलापूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले; त्यांनी टिल्लूंचं ब्लडप्रेशर घेतलं आणि नर्सला बोलावून दाखवलं. पनवेलला गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला, "असे गुडघे हल्ली येत नाहीत." टिल्लूंनी ताक सोडलं, भजी धरली, जिने चढून उतरून बघितले. त्याने वजन तीन किलो उतरलं आणि तब्येत आणखीच सुधारली. ऑगस्टमध्ये एकदा त्यांना सकाळी घसा खवखवल्यासारखं वाटलं. त्यांनी घाईघाईने बॅग भरली, पण रिक्षा येईपर्यंत घसा बरा झाला. रिक्षातून ते तसेच बॅगेसकट कामावर आले.

इकडे सदू तेलाशिवायचा वरणभात खाऊन दिवस काढत होता. गणपतीत घरी उकडीचे मोदक झाले, त्याने नुसता वास घेतला आणि बाहेर ओटीवर जाऊन बसला. चंद्राबाई आतून बोलत होती, ती त्याला नाही, गणपतीला. "तुज्या पोटात एवडे मोदक जातात देवा, तुजा नंबर कोन काडतो रं?"

सप्टेंबरच्या मध्यावर सदू मशीनपाशीच कोसळला. घामाने चिंब, डोळे पिवळट. खात्यातले लोक धावले. पाचव्या नियमाप्रमाणे याला आजार म्हणता येत नव्हतं, म्हणून सगळे नुसते "सदू, सदू" म्हणत उभे राहिले. टिल्लू स्टोअरमधून धावत आले, गर्दीतून वाट काढून खाली बसले आणि त्यांनी सदूचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. घामाने आणि शोधाने ती पार मऊ झाली होती. ती त्यांनी सदूच्या मुठीत कोंबली.

"घे बाबा. मला नाही जमलं. सगळ्यांना नाही जमत."

टेंपो काढला. टिल्लू स्वतः सोबत बसले. पनवेलच्या इस्पितळात विम्याच्या खिडकीवर एक अतिशय अदबशीर तरुण बसला होता. त्याने सदूला आधी पाणी दिलं, मग प्रश्न विचारला.

"काका, हे दुखणं कधीपासून आहे?"

"जूनपासून," सदू म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि कळ आल्यावर शिकायला वेळही नव्हता.

"मग इतके दिवस का थांबलात?"

"नंबर नव्हता लागला."

तरुणाने संगणकावर काहीतरी टंकलं, वाट बघितली आणि दुःखी चेहऱ्याने मान वर केली. यंदापासून नवं कलम आलं होतं: जो आजार कर्मचाऱ्यास आधीपासून माहीत असेल, तो विम्यात बसत नाही.

"म्हणजे जो आजार माहीत नाही त्याचं ऑपरेशन करून घ्यायचं?" टिल्लूंनी विचारलं.

"बेशुद्ध येणाऱ्यांचं सहसा पास होतं," तरुण मदतीच्या सुरात म्हणाला. "काका चालत आले."

सदू बाकावर बसला. एवढे दिवस कोणावर भार नको म्हणून दात आवळून काढले, तेच दिवस आता त्याच्यावर उलटले होते. त्याला चंद्राबाईची फार आठवण आली. "टिल्लूकाका, घरी जाऊ," तो म्हणाला. "वरनभात खाऊन काडीन."

टिल्लू उठले आणि काचेच्या दारापाशी जाऊन त्यांनी विमलबाईला फोन लावला. पैशाच्या भिशीची शेवटची चिठ्ठी त्याच महिन्यात होती, आणि अर्थातच ती त्यांचीच होती. तासाभरात विमलबाई डबा पदराखाली घेऊन रिक्षातून उतरली, मागे स्वप्नील, त्याच्या मागे निम्मं खातं. टिल्लूंनी डबा तसाच इस्पितळाच्या कॅश काउंटरवर ठेवला. कमी पडलं ते बाकीच्यांनी उभ्या उभ्या घातलं.

"काका, आवो, हे तुमचं हाय!" सदूला रडू फुटलं.

"गप रे. चिठ्ठी माझी होती ना? मग दुखणंही माझंच. मी फक्त ते तुझ्या पोटात ठेवलंय."

या ठिकाणी योजनेत मोठा दोष शिरला, हे नमूद करणं भाग आहे. माणसं कोणाचीही पूर्वपरवानगी न घेता एकमेकांच्या उपयोगी पडली. तशी तरतूद कुठल्याही कलमात नाही. तरी ऑपरेशन झालं. सतरा खडे निघाले. डॉक्टरांनी ते बाटलीत घालून दिले, तेव्हा सदूने गुंगीतच आधी झाकण फिरवून बघितलं. आपल्या कारखान्याचं नव्हतं. आटे सैल होते. विमलबाईने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि ती दोन्ही डोळ्यांनी रडली. डाव्या डोळ्याला दिसत नसलं तरी तो भाग चालू होता.

आता हिशेब बघू. त्या तिमाहीत मोल्डिंग खात्यातून एकही क्लेम मंजूर झाला नाही. कागदोपत्री तो शून्य टक्के आजारी असलेला महाराष्ट्रातला बहुधा पहिला मानवसमूह होता. तेजश्री मॅडमना एका मोठ्या हॉटेलात शाल आणि काचेचं मानचिन्ह मिळालं. (विषय: 'मोड आलेले मूग आणि मनुष्यबळ'.) टिल्लूंना सदूच्या ऑपरेशनच्या धसक्याने शेवटी रक्तदाब जडला, पण तोवर तिमाही संपली होती.

नव्या वर्षी विमा कंपनीचं पत्र आलं. सदूने ते बोर्डावर वाचलं, एकदाच. "सदर खात्यातील कर्मचारी विम्याची मदत न घेता स्वखर्चाने शस्त्रक्रिया करू शकतात, असे निदर्शनास आले आहे. यावरून त्यांची आर्थिक क्षमता उत्तम असल्याचे सिद्ध होते. सबब हप्त्यात वाढ करण्यात येत आहे." पहिल्या फटक्यात पटलेली ती सदूची पहिलीच नोटीस.

राहता राहिले आपण, वाचक. सदूला उजव्या बरगडीखाली दुखतं हे वाचलंत, तेव्हा आपला हात नकळत तिथे गेला होता. (गेला नसेल, तर आत्ता गेला.) दाबून काहीच लागलं नसेल तर अभिनंदन, हप्ता वेळेवर भरत राहा. आणि किंचित काही लागलं असेल, तर वाईट वाटतं, पण ते आता आपल्याला आधीपासून माहीत आहे.